फेरपडताळणी

पारडीच्या पुढे, भंडारा रोडवर
ट्रक तोलायच्या काट्याला धर्मकाटा म्हणतात.
त्यातला धर्म कोणी तपासत नाही.
काटा मी तपासते,
वर्षातून एकदा, पावती फाडून.

त्या दिवशी शेहेचाळीस होतं.
तेजरामभाऊ वीस-वीस किलोची लोखंडी वजनं
गाडीतून काढून काट्यावर मांडत होते.
पाचव्या खेपेला टायरला टेकून खालीच बसले,
खिशातला कांदा काढून हुंगत राहिले.
मी म्हटलं, राहू द्या भाऊ.
शंभर किलोला आकडा बरोबर होता.
वरचे हजार मी मनातच धरले
आणि शिशाच्या गोळीवर
तिमाहीचं अक्षर ठोकलं.

ठक्.

तो आवाज माझ्यासोबत घरी आला.
कूलरच्या घरघरीतून ऐकू येत राहिला,
सांबार निवडताना,
उद्याच्या भाकरीचं पीठ चाळताना.
मी कोणाचे पैसे खाल्ले नव्हते,
कोणी देऊही केले नव्हते.
एका थकलेल्या माणसाला उन्हात उठवलं नाही, एवढंच.
कारण चांगलं होतं.
वाईट कारण असतं तर कुठे तरी दडून बसलं असतं.
हे माझ्यासमोर खुर्ची ओढून बसलं
आणि पाणी मागू लागलं.

नोकरीला लागले तेव्हा
प्रयोगशाळेत काचेच्या पेटीतला तराजू पाहिला होता.
जवळ जाऊन श्वास सोडला तरी काटा थरथरायचा.
मी तक्रार केली, सर, हा बिघडलाय.
बोरघरे साहेब म्हणाले,
थरथरतो म्हणून तर पेटीत ठेवलाय, बाई.
न थरथरणारे बाजारात खूप आहेत.

रात्री गच्चीवर गादी टाकून पडले.
आत काही तरी हलत होतं, डावी-उजवीकडे,
आणि त्या हलण्याकडे
आणखी कोणी तरी बघत होतं.
ते मात्र हलत नव्हतं.
मला रागवत नव्हतं,
समजूतही घालत नव्हतं.
नुसतं जागं होतं.
त्याच्या शेजारी मी बराच वेळ पडून राहिले.

पहाटे पाचला भाऊंना फोन केला.
दोन हमाल घेतले, स्वतःच्या पैशांनी.
साडेसहाला आम्ही काट्यावर.
गिऱ्हेपुंजे शेठ बनियनवरच बाहेर आले,
"काल झालं नं मॅडम? आज काऊन?"
"राहिलं होतं," मी म्हटलं.
ते आत गेले.
चहाच्या कपाखाली पाकीट ठेवून बाहेर आले.
"मले वाटलंच होतं.
काल तुम्ही काहीच बोलल्या नाही."

मी पाकीट सरकवलं.
त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या.
"कमी हाय का?"

वजनं चढली. पाचशे. हजार.
मग भरलेला ट्रक, पुन्हा वजनं.
आकडे लुकलुकले, थांबले.
बरोबर.
कोपऱ्यातून बरोबर, मधून बरोबर,
कालही असणार तेवढंच बरोबर.
माझ्या परत येण्यानं
जगात एका ग्रॅमचा फरक पडला नव्हता.
तीच गोळी, तेच अक्षर.
शेठ मात्र पार गोंधळले,
पाकीट हातात धरून उभे,
जणू त्यांचाच काटा कोणी तरी उचलून नेला.

परतताना टपरीवर पोहे घेतले.
माझा चमचा तसाच राहिला,
हसू आवरेना.
हमालांचे सातशे गेले होते,
झोप गेली होती,
एका माणसाच्या नजरेत मी आता
जास्त मागणारी बाई होते,
आणि ते दुरुस्त करायला
कुठलंही वजन माझ्याकडे नव्हतं.

"हसता काऊन, मॅडम?" भाऊंनी विचारलं.
काय सांगणार?
खिशातून त्यांनी कांदा काढला,
कालचाच, थोडा सुकलेला,
माझ्या हातावर ठेवला.
"ऊन चढते आहे. असू द्या जवळ."

हातानंच जोखला.
ऐंशी ग्रॅम असावा.
तपासला नाही.